बर्फावरील वस्ताद

आपल्याकडे हॉकी म्हटली कीं मैदान, चेंडू आणि वांकडी काठी डोळ्यांपुढें येते. कॅनडांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. प्रत्येक बाजूस सहा गडी, पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजीं कठीण रबराची तीन इंच रुंद चकती. या खेळांतील कोच म्हणजे आपल्या तालमींतील वस्तादच होय. नाणावलेला गडी चांगला वस्ताद होतोच असें नाहीं. हेक्टर ब्लेक मात्र झाला.

ब्लेकचा जन्म १९१२ सालीं ऑंटारिओ प्रांतांत झाला. धाकटी बहीण त्यास 'हेक्टो' म्हणे. त्यांतील शेवटचें 'टो' हेंच पुढें त्याचें नांव होऊन बसलें. माँट्रिऑलच्या कॅनेडियन्स संघांतून मॉरिस रिशार याच्या जोडीनें खेळून त्यानें १९४४ व १९४६ सालीं स्टॅन्ले चषक जिंकला. जानेवारी १९४८ मध्यें पाय मोडला व खेळ संपला. मग लहान संघांस शिकवीत त्यानें हा दुसरा धंदा हस्तगत केला.

मार्च १९५५ मध्यें रिशारनें पंचावर हात टाकला. त्यास खेळण्याची बंदी होतांच माँट्रिऑलांत दंगल उसळली. अशा गड्यास आवरील असा माणूस म्हणून संघाची सूत्रें ब्लेककडे आलीं. जुना जोडीदार असल्यामुळें रिशारचा राग कोठें भडकतो हें तो जाणून होता. (१९६१ सालीं ब्लेकनेंच पंचावर हात उगारून दोन हजार डॉलर दंड भरला, ही गोष्ट निराळी!) तेरा हंगामांत त्यानें आठ चषक मिळविले, त्यांपैकीं पांच, १९५६ पासून, ओळीनें.

परंतु ज्या अनुभवानें रिशार ओळखला, त्याच अनुभवानें एकदां वाट अडविली. गोलरक्षक झाक प्लांत यास मुखवटा घालावयाचा होता. त्या काळीं गोलरक्षक उघड्या तोंडानें उभे राहत. मुखवट्यानें पायांजवळची चकती दिसणार नाहीं, असें ब्लेकचें मत. सरावांत घाल, सामन्यांत नको, असा त्याचा हुकूम. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें चकती लागून प्लांतचें तोंड फाटलें. टांके घातल्यावर, मुखवट्यावांचून खेळणार नाहीं, असें त्यानें बजावलें. राखीव गोलरक्षक नव्हताच. ब्लेकला नमावें लागलें. सामना ३-१ असा जिंकला.

तरी जखम भरतांच मुखवटा उतरावा, असा ब्लेकचा आग्रह राहिला. मार्च १९६० मध्यें एका सामन्यापुरता प्लांतनें तो उतरविला आणि संघ हरला. पुढें तो विषय निघाला नाहीं. त्याच हंगामाच्या अखेरीस मुखवटाधारी प्लांतसह कॅनेडियन्सनीं सलग आठ सामने जिंकून चषक राखला.