एक्सएमएल संचिका निर्मिती

एक्सएमएल संचिका निर्मिती म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमच्या स्मृतीतील याद्या, वस्तू किंवा विदागारातील नोंदी कोडच्या साहाय्याने एक्सएमएल स्वरूपातील मजकुरात रूपांतरित करून साठवण्याची प्रक्रिया होय. एक्सएमएल १.० हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केले.

स्वरूप

एक्सएमएल दस्तऐवजात एकच मूळ घटक असतो व इतर सर्व घटक त्याच्या आत सामावलेले असतात. हे मानक युनिकोडवर आधारित असल्याने घटकांची नावेही देवनागरीत देता येतात. उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातील गडमुडशिंगी या गावाची नोंद पुढीलप्रमाणे होईल :

<गाव>
  <नाव>गडमुडशिंगी</नाव>
  <तालुका>करवीर</तालुका>
  <जिल्हा>कोल्हापूर</जिल्हा>
</गाव>

घटकाच्या नावात मोकळी जागा चालत नाही. ‘र्‍य’ लिहिताना वापरले जाणारे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह नावात वापरण्याची मुभा मानकाच्या पाचव्या आवृत्तीने (२००८) दिली. त्यापूर्वीच्या नियमांनुसार चालणारे पार्सर असे नाव नाकारतात. घटकातील मजकुराला मात्र ही मर्यादा नाही.

पद्धती

* वृक्ष पद्धत : संपूर्ण दस्तऐवज स्मृतीत वृक्षरूपाने उभारून शेवटी संचिकेत लिहिला जातो. पायथॉनमधील एलिमेंटट्री व पीएचपीमधील डॉमडॉक्युमेंट ही याची उदाहरणे होत.
* प्रवाह पद्धत : घटक एकामागून एक थेट संचिकेत लिहिले जातात. लाखो नोंदी असल्यास या पद्धतीत स्मृती कमी लागते.
* वस्तू-रूपांतर : वर्गाच्या गुणधर्मांवरून घटक आपोआप तयार होतात. सी शार्पमधील एक्सएमएलसिरियलायझर या प्रकारचा आहे.

अचूकता

मजकुराचे तुकडे हाताने जोडूनही एक्सएमएल लिहिता येते. परंतु ते धोक्याचे ठरते. एखाद्या दुकानाच्या नावात ‘&’ किंवा माहितीत ‘<’ हे चिन्ह असल्यास व त्याऐवजी ठरावीक पर्यायी संकेत न लिहिल्यास दस्तऐवज सदोष होतो. मानकानुसार अशी चूक आढळल्यावर पार्सरने नेहमीप्रमाणे पुढील वाचन चालू ठेवायचे नसते. त्यामुळे एका नोंदीतील दोषाने संपूर्ण संचिका नाकारली जाऊ शकते. प्रमाणित ग्रंथालये हे संकेत स्वतःच घालतात.

संकेतनाची घोषणा किंवा अन्य सूचना नसल्यास यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांतील अक्षरे संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. म्हणून अशी माहिती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. अन्यथा संचिका नियमानुसार निर्दोष असूनही तिच्यातील मजकूर निरर्थक दिसतो.

उपयोग

मराठी विकिपीडियावरील लेख एक्सएमएल स्वरूपात निर्यात करता येतात. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची माहितीही या स्वरूपात उपलब्ध असते. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसी संचिकेत डिजिटल स्वाक्षरी असलेले एक्सएमएल असते. भारतातील प्राप्तिकर विवरणपत्रे पूर्वी एक्सएमएलद्वारे सादर होत; करनिर्धारण वर्ष २०२१-२२ पासून त्यांसाठी जेसन स्वरूप स्वीकारण्यात आले.