आधी पुस्तक उघडू या

मोटारसायकलचे इंजिन ओरडते, पण गाडी चढ चढत नाही. आपण लगेच म्हणतो, "क्लच प्लेटा गेल्या!" पण घाई करू नये.

इंजिनाची ताकद क्लच प्लेटांमधून चाकाकडे जाते. दांडी दाबली की प्लेटा सुटतात. सोडली की घट्ट बसतात. वायर फार ताणलेली असेल, तर त्या पुऱ्या बसत नाहीत. मग घसरतात, तापतात आणि जळतात.

मग काय करावे? गाडीबरोबर एक लहान पुस्तक मिळते. ते घरात पडून असते. आता आपल्याला वाचता येते. ते काढावे, क्लचचे पान शोधावे. पुस्तक इंग्रजीत असले, तर शाळेतल्या मुलाला जवळ बसवावे. आकडे आणि चित्रे तर आपल्यालाही कळतात.

पुष्कळ गाड्यांत दांडीचे टोक १० ते २० मिलिमीटर ढिले हलावे लागते. आपल्या पुस्तकातला आकडा खरा धरावा. इंजिन बंद करून पट्टीने मोजावे. ढील कमी असेल, तर पुस्तकातल्या चित्राप्रमाणे वायरीचा नट फिरवून वाढवावी. वायरीचे धागे तुटले असतील, तर वायर बदलावी.

एवढे करूनही गाडी ओढत नाही? मग मेस्त्रीकडे जावे. इंजिन आपण खोलू नये. पण काय पाहिले, काय मोजले, ते त्याला सांगावे. म्हणजे उगाच प्लेटांचा खर्च पडणार नाही.