वलयातला नायट्रोजन आणि नैराश्यावरचं औषध

पीएचडीसाठी विषय शोधायला लागलात की ‘अमुक डेरिव्हेटिव्हचं संश्लेषण आणि त्याचे नैराश्यविरोधी गुणधर्म’ अशा धाटणीचे पेपर ढिगाने सापडतात. त्यातली बहुतेक संयुगं हेटरोसायक्लिक, म्हणजे विषमचक्रीय असतात. ज्या वलयात कार्बनसोबत नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचा अणू बसलेला असतो, ते विषमचक्रीय संयुग. आपल्या मेंदूतल्या सेरोटोनिनमध्येही असं एक वलय आहेच, इंडोल.

पण वलयाने नेमकं काय होतं? क्लोरप्रोमाझिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घ्या. त्याच्या तीन वलयांपैकी मधल्या सहा अणूंच्या वलयात गंधक आणि नायट्रोजन आहेत. इमिप्रामिनमध्ये क्लोरीन नाही, आणि गंधकाच्या जागी दोन कार्बन आहेत. मधलं वलय सात अणूंचं झालं, रेणूचा आकार बदलला. बाजूची साखळी मात्र तीच! स्वित्झर्लंडमधल्या रोलँड कुन यांनी ते आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. नैराश्याच्या रुग्णांना मात्र फरक पडला, आणि 1957 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. हा रेणू सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चेतापेशीत परत शोषलं जाणं रोखतो. पण तो हिस्टामिनच्या आणि अ‍ॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवरही जाऊन बसतो, म्हणून गुंगी येते, तोंड कोरडं पडतं.

आता गंमत बघा. फ्लुओक्सेटिनमध्ये एकही विषमचक्रीय वलय नाही, तरी ते नैराश्यावर चालतं. म्हणजे वलय हा सांगाडा झाला. त्यामुळे कोणता गट कुठे पोचतो ते महत्त्वाचं.

आणि पेपरमधल्या ‘संभाव्य औषध’ या शब्दांकडे जरा संशयाने बघाच. पुष्कळदा पुरावा एवढाच असतो की उंदराला पाण्याच्या भांड्यात सोडलं आणि तो निश्चल किती वेळ राहिला ते मोजलं. निश्चल राहण्याचा वेळ घटला की संयुग ‘सक्रिय’. पण कॅफिनसारख्या उत्तेजकानेही उंदीर जास्त हातपाय मारतो. शिवाय तिथे एका डोसनंतर तासाभरात परिणाम दिसतो, माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. (नुसत्या डॉकिंग स्कोअरवर उभे असलेले पेपर तर मी बाजूलाच ठेवते.)

तेव्हा पेपर उघडल्यावर आधी ओपन फील्ड चाचणीचा तक्ता शोधा: उंदराची एकूण हालचाल वाढली होती का? तो तक्ताच नसेल, तर त्या संयुगावर तुमची चार-पाच वर्षं लावण्याआधी गाइडशी बोला.