वर विमान, खाली मातीचा डबा

कराडजवळच्या मलकापूरच्या शिवारात वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला की नाही, हे जाणता शेतकरी मूठभर माती दाबून सांगतो. आता हीच ओल ७४७ किलोमीटरवरून मोजू पाहणारा उपग्रह आला आहे. ३० जुलै २०२५ रोजी झेपावलेला, नासा आणि इस्रोचा ‘निसार’.

यामागचं विज्ञान सरळ आहे. पाण्याचा विद्युत-अपार्यता अंक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) ८०च्या आसपास, तर कोरड्या मातीचा ३-४. त्यामुळे उपग्रहातल्या रडारने सोडलेल्या सूक्ष्मलहरी ओली जमीन जास्त परतवते. या लहरींना ढगांचा अडथळा नाही, रात्रीचाही नाही. ऐन पावसाळ्यात कराड भागावर आभाळ भरलेलं असताना साध्या छायाचित्रांचा उपयोग नसतो. तिथे हे तंत्र कामाला येतं.

पण परतलेल्या लहरीवरून ओलीचा आकडा काढायचा, तर तो आधी पारखून घ्यावा लागतो. त्यासाठी असंच यंत्र लावलेलं विमान. २०१२च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या मॅनिटोबात सुमारे सहा आठवडे अशी उड्डाणं झाली, ती मातीची ओल मोजायला २०१५मध्ये गेलेल्या ‘स्मॅप’ उपग्रहाच्या तयारीसाठी. निसारच्या आधी इस्रोनेही निसारमधल्यासारखं, एल (लांब) आणि एस (आखूड) या दोन्ही लहरपट्ट्यांचं रडार विमानावर चढवून पाहिलं. डिसेंबर २०१९मध्ये ते अमेरिकेत नासाच्या विमानातून उडालं.

खरी मेहनत मात्र खाली असते. विमान डोक्यावरून जाण्याच्या सुमारास शेतात माणसं पसरलेली. वरच्या पाच सेंटिमीटरची माती कड्याने काढायची, डब्यात बंद करायची, वजन घ्यायचं, १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास ठेवायची, पुन्हा वजन. १३० ग्रॅमची माती १०० भरली, तर ३० ग्रॅम पाणी. विमानाचा आकडा या डब्याशी जुळला, तरच खरा.

आणि म्हणूनच लहरींवरून ओल काढणारी, परदेशातल्या शेतांवर बसवलेली समीकरणं कृष्णाकाठी जशीच्या तशी चालतील, असं मला वाटत नाही. इथली काळी माती उन्हात भेगाळते, भिजली की फुगते. सरी-वरंब्याची दिशा बदलली की रडारचा प्रतिसाद बदलतो. डोक्यावर गेलेल्या उसातून निसारची सुमारे नऊ सेंटिमीटरची एस-लहर फारशी खाली पोचत नाही. चोवीस सेंटिमीटरची एल-लहर अधिक पोचते, तरी उसाच्या पानाखोडांतलं पाणीही ती मोजतेच. शिवाय उसाची मुळं पाच सेंटिमीटरच्या बरीच खाली.

अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी या खोऱ्याने पुष्कळ पाहिल्या आहेत. पाणी कुठे मुरलं, कुठे साचलं हे आधी कळणं इथे गरजेचं आहे. त्यासाठी लागवडीपासून तोडणीपर्यंत, निसार डोक्यावरून जाईल तेव्हा, दर बारा दिवसांनी, इथल्याच उसात डबे भरायला हवेत. कृषी महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम सहज जमेल.