सर्जन व्हायचे आहे? जागा निवडताना हे पाहा



नीट-पीजीचा निकाल लागला की पसंतीक्रम भरण्याची घाई होते आणि बहुतेक जण केवळ कॉलेजचे नाव पाहतात. एम.एस. (जनरल सर्जरी) हा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे. या काळात हात तयार झाला नाही, तर त्याची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागते.

म्हणून प्रथम तेथील निवासी डॉक्टरांना भेटावे. हर्निया, अपेंडिक्सची ऑपरेशने ते स्वतः करतात, की नुसते रिट्रॅक्टर धरून उभे राहतात? रात्री अपघाताची केस आली तर वरिष्ठ शिकवायला येतात काय? मुंबईच्या के.ई.एम., सायन, जे.जे. रुग्णालयांत रुग्ण भरपूर, तसे श्रमही भरपूर. डी.एन.बी. खासगी व ट्रस्टच्या रुग्णालयांतूनही करता येते. मात्र तेथे स्वतः ऑपरेशन करण्याची संधी किती मिळते, ते आधी विचारावे.

फी, विद्यावेतन, बंधपत्र आणि जागा सोडल्यास भरावा लागणारा दंड यांचे नियम स्वतः वाचावेत. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र आधीच तयार ठेवावे. कॉलेजच्या नावापेक्षा तेथे मिळणारे काम मोठे, हे ध्यानात ठेवूनच पसंती भरावी.