लेकरं न्यायला आलाव का?

सकाळी पावणेसात

रात्री १०९८ या बाल मदत क्रमांकावर आलेला कॉल आता माझ्या फोनवर आलाय. धारूर तालुक्यातलं गाव. बाप मागच्या हंगामात वारला, आई ऊसतोडीला कोयत्यावर गेलेली, तीन लेकरं आजीपाशी. लेकरं उपाशी झोपतात, थोरली शाळेत जात नाही, असं शेजारणीनं सांगितलंय. शेजारणीचा फोन सहसा खोटा नसतो, पण अर्धा असतो. उरलेला अर्धा घरात जाऊनच कळतो.

डिसेंबर आहे. बीड जिल्ह्यातली जोडपी मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे गेलेली. मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. कारखान्यांचा हंगाम तो आमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचाही हंगाम.

सकाळी आठ

तेलगावमार्गे जाणारी एसटी. खिडकीशी जागा मिळाली की गृहचौकशीचा फॉर्म मांडीवर घेऊन नाव-गाव भरून टाकते. घरात गेल्यावर कागद बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम. पेन दिसलं की माणसं पेनाला ऐकवण्यासारखं बोलायला लागतात.

सकाळी साडेनऊ

अंगणवाडीताई फाट्यावर घ्यायला आल्या. त्यांच्याशिवाय या गावात मी म्हणजे नुसती एक परकी बाई. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आजी दारातच उभी. मी बसायच्या आतच तिनं विचारलं, "लेकरं न्यायला आलाव का?"

"नाही आजी. पाणी द्या, उन्हातून आले."

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बाल संरक्षण म्हटलं की गाडी येणार आणि लेकरू बालगृहात जाणार, अशीच लोकांची समजूत. वास्तविक २०१५ चा बाल न्याय कायदा उलटं सांगतो: लेकराचा पहिला हक्क कुटुंबावर, संस्था शेवटचा उपाय. जीवाला धोका असेल तर लेकरू तिथून हलवावंच लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. पण रोजचं काम वेगळं आहे. या घरात हयगय आहे की नुसती गरिबी, एवढं ओळखायचं. दोन्हींत लेकरू उपाशी दिसतं. पहिल्यात माणसावर काम करायचं असतं, दुसऱ्यात रेशनवर.

म्हणून पाणी पिता पिता बघत राहते. चुलीत आजची राख आहे. पत्र्याच्या डब्यात ज्वारीचं पीठ तळाला. धाकट्याचं नाक वाहतंय, पण नखं कापलेली आणि केसांना तेल. मधल्याचं शाळेचं दप्तर खुंटीला, वही चालू तारखेपर्यंत लिहिलेली. आतल्या खोलीला आतून कडी आहे का, थोरली रात्री कुठं झोपते, घरात बाहेरचं कोण येतं-जातं, हेही विचारते. सरळ विचारत नाही, अंथरुणांच्या गोष्टीतून विचारते. धाकटा अनोळखी माणूस बघून पळत जाऊन आजीच्या पदरात घुसला. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही. माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा पुरावा.

मग आजी बोलायला लागली. रेशन बंद पडलंय. दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटाला रेषा उरल्यात कुठं? दुकानदार म्हणतो, सुनेला बोलवा. सून शिरोळच्या फडात. लेकीनं पाठवलेलं दळणही संपत आलंय. शेजारीणच कधी भाकरी देते. तिनंच फोन केला असणार, आणि बरं केलं.

थोरली तेरा वर्षांची. दिवाळीपासून घरी, कारण धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. आजी हळूच म्हणाली, "एक ठिकाण आलंय तिला. माझं काय, आज हाय, उद्या नाय."

इथं मी आवाज बदलते. अठराच्या आत लग्न लावलं तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारा भटजीही त्यातून सुटत नाही. हे सांगावंच लागतं. पण म्हातारीची भीती कायद्यानं जात नाही. वयात आलेली नात, पत्र्याचं घर, बाप नाही, आई लांब. ती सोयरीक म्हणून नाही, कुलूप म्हणून लग्न बघतेय. म्हणून अंगणवाडीताईंशी तिथंच ठरवलं: धाकटा दिवसा अंगणवाडीत, थोरली उद्यापासून शाळेत. शाळेतल्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत थोरल्या दोघांची नावं आहेत का, हे मुख्याध्यापकांकडे बघायचं. ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांच्या कानावर ठिकाणाची गोष्ट घातली.

निघताना तिघांचा आजीसोबत घरासमोर फोटो काढला. बालसंगोपन योजनेच्या अर्जाला तो लागतो. धाकट्याला हसायचं की नाही ते कळेना. गरिबी सिद्ध करायला लेकरांना घरासमोर उभं करणं मला कधीच पटलेलं नाही, पण फोटो नसला तर अर्ज परत येतो.

दुपारी बारा

तहसील. पुरवठा निरीक्षकांच्या टेबलापुढे अर्धा तास. अंगठ्याचं प्रकरण लेखी दिलं, पोच घेतली. तोंडी सांगितलेलं तिथं टिकत नाही.

दुपारी अडीच

बीडमध्ये बाल कल्याण समितीची बैठक. अध्यक्ष आणि चार सदस्य. आज एक वीस वर्षांची मुलगी आपलं बाळ समर्पित करायला आली होती. सोबत आई, तिची घाई जास्त. समितीनं आईला बाहेर बसवलं आणि मुलीशी एकटीशी बोलली. कायदा तिला फेरविचाराला दोन महिने देतो. तोवर बाळ दत्तक जात नाही. "मी येऊन बघू शकते का त्याला?" एवढंच तिनं विचारलं. समुपदेशक ताई तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या.

दुपारी चार ते साडेसहा

पोर्टल, अहवाल, पुन्हा पोर्टल. बालसंगोपनाचे दरमहा २,२५० रुपये, किंवा मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाचे ४,०००. यातलं कुठलं बसेल ते उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि समितीच्या आदेशावर. आम्ही कंत्राटी माणसं दुसऱ्यांच्या मानधनाचे कागद भरत आमच्या मानधनाची वाट बघतो, असं आमचे लेखापाल म्हणतात.

धारूरच्या फाइलमध्ये एक कागद नाही: बापाचा मृत्यू दाखला.

रात्री साडेआठ

ऊसतोड करणाऱ्या आईशी बोलायचं तर हीच वेळ. मोळ्या बांधून, गाडी भरून ती कोपीवर, म्हणजे झोपडीवर येते.

"आजी आजारी हाय का?" तिचा पहिला प्रश्न.

नाही म्हटल्यावर ती बोलायला लागली. नवरा फेब्रुवारीत तिथल्याच फडात गेला. प्रेत रातोरात गावी आणलं. गावचा ग्रामसेवक म्हणाला, मृत्यू जिथं झाला तिथं नोंद करा. तिथं गेलं कोण? नियम तसाच आहे. वर्षाच्या आत असेल तर जिल्हा निबंधकांच्या परवानगीनं उशिराची नोंद होते; वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे हातात दोन महिने.

"मी गेले तर खाडा पडतो, ताई. मुकादम दोघींचे कापतो, मी आन् जाऊबाईचे."

ती ज्या गावच्या शिवारात ऊस तोडतेय, तिथली ग्रामपंचायत कोपीपासून किती लांब, ते विचारलं. चालत अर्धा तास. ज्या दवाखान्यात नवऱ्याला नेलं होतं, तिथली चिठ्ठी तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवलीय. त्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेतला; कोपीतल्या अंधारात काढलेला, पण तारीख आणि शिक्का वाचता येतोय. कोल्हापूरच्या कक्षातल्या सहकाऱ्याला तो पुढे पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. त्यांचं उत्तर: "परवा शिरोळलाच आहे. बाईंना सकाळी नको, गाडी भरून झाल्यावर भेटतो."