स्टेरॉइडपूर्वी जंताची तपासणी का?

बेळगावनजीकच्या उचगाव परिसरात भातशेतीच्या कामात अनवाणी पाय मातीत जाणे नित्याचेच. विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतून ‘स्ट्राँगिलॉइडिस’ या सूक्ष्म जंताच्या अळ्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. हा जंत आपोआप संपत नाही. शरीरातच पुनःपुन्हा संसर्ग घडवत तो दशकानुदशके, अनेकदा लक्षणांविना टिकतो. दमा, संधिवात किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर दिलेल्या स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खालावली, की अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांत पोहोचतात आणि आतड्यातील जिवाणू रक्तात नेतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. शौचाच्या एका तपासणीत जंत निसटू शकतो. रक्तचाचणी अधिक उपयुक्त ठरते. आयव्हरमेक्टिन हे त्यावरील प्रमुख औषध. म्हणून स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वीच, मातीत अनवाणी काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सुरू असलेले स्टेरॉइड मात्र परस्पर थांबवू नये.